कॉपीरायटिंगच्या वर्गात पहिला महिना जाहिरात लिहायची नाही

वहीपेन

नमस्कार मंडळी,

मी मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला कॉपीरायटिंग, म्हणजे जाहिरातीचा मजकूर लिहायला, शिकवते. मास मीडियाची पदवी, पूर्वी जिला बीएमएम म्हणायचे आणि २०१९ पासून ज्याचं नाव बीएएमएमसी झालं, तो हा अभ्यासक्रम. तिसऱ्या वर्षी मुलं जाहिरात किंवा पत्रकारिता यांपैकी एक विषय घेतात. शिकवायला लागण्याआधी बारा वर्षं मी एका जाहिरात एजन्सीत मराठी कॉपी लिहीत होते.

पहिल्या वर्षी मी सगळे करतात तेच केलं. यूएसपी (मालाचं वेगळेपण) म्हणजे काय, ब्रीफ (क्लाएंटने दिलेलं कामाचं टिपण) कसा वाचायचा, हे सगळं सांगितलं. लक्ष, रस, इच्छा, कृती हा क्रमही फळ्यावर लिहिला. तो सेंट एल्मो लुईस या अमेरिकन माणसाच्या नावावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलाय. मग अंगाच्या साबणाची जाहिरात लिहून आणायला सांगितली. पंचावन्न वह्या आल्या. शनिवारी रात्री तपासायला बसले आणि विसाव्या वहीपाशी पेन खाली ठेवलं. "अनुभवा ताजेपणाची नवी अनुभूती." "द्या आपल्या त्वचेला निसर्गाचं वरदान." "आता मिळवा दुप्पट चमक." पंचावन्न मुलांनी मिळून एकच जाहिरात लिहिली होती, आणि ती कुणाचीच नव्हती.

मुलं मठ्ठ नव्हती. मधल्या सुट्टीत जिन्यात उभी राहून हीच मुलं एकमेकांची अशी फिरकी घेत की ऐकत राहावं. कागद समोर आला की मात्र त्यांच्या तोंडून टीव्ही बोलायला लागायचा. क्रियापद पहिलं, मग "आपल्या", मग एक जड संस्कृत शब्द. घरात कुणी "अनुभवा आमटीची चव" म्हणत नाही. "आमटी कशी झालीय बघ" म्हणतात.

तेव्हापासून पहिला महिनाभर मी वर्गात जाहिरात लिहू देत नाही. त्या महिन्यात काय करतो ते सांगते.

पहिलं काम म्हणजे आपल्या घराजवळच्या वाण्याच्या दुकानात तासभर उभं राहायचं आणि माणसं काय मागतात ते शब्दन् शब्द उतरवायचं. सारांश लिहायचा नाही, "ग्राहकाने चहाची मागणी केली" असंही नाही. जे तोंडातून आलं तेच. त्यातून वह्यांमध्ये जे येतं, त्याने मी दरवर्षी नव्याने चकित होते. "कोलगेट द्या, कुठलंही." "ते पिवळं पाकीट." "परवा नेलं होतं तेच, पण लहान." जाहिरातीतलं वाक्य दुकानात कुणी म्हणत नाही. माल रंगाने, आकाराने, किमतीने आणि आठवणीने मागितला जातो.

एका मुलीची वही मी जपून ठेवली आहे. भांडुपच्या दुकानात तिला एक बाई दिसली. रोज संध्याकाळी दहा रुपयांची चहाची पुडी न्यायची. मुलीने हिशेब मांडला की पाव किलो घेतला तर स्वस्त पडेल, म्हणजे या बाईला हिशेब कळत नसणार. मी म्हटलं, जाऊन विचार. बाई म्हणाली, "अगं, मोठा डबा घरात दिसला की सगळ्यांनाच सारखा चहा लागतो. पुडी म्हणजे मोजून." हिशेब मुलीपेक्षा बाईचा पक्का होता. आता चहाच्या पुडीची जाहिरात लिहायची झाली, तर "परवडणारी चव" कुठे आणि ही "मोजून" कुठे! दुसऱ्या दिवशी ती मुलगी वर्गात हे वाचून दाखवत होती, तेव्हा मागच्या बाकावरची कुजबुजसुद्धा थांबली होती.

दुसरं काम फोनचं. लिहिलेली प्रत्येक ओळ आईला, आजीला किंवा घरात कामाला येणाऱ्या मावशींना फोनवर वाचून दाखवायची. पलीकडून "म्हणजे काय?" आलं की ओळ खोडायची. वाद घालायचा नाही, समजावून सांगायचं नाही. जाहिरातीसोबत समजवायला आपण घरोघरी जाणार नसतो.

तिसऱ्या आठवड्यात जुन्या जाहिराती. त्या मी आठवणींचा खाऊ म्हणून दाखवत नाही, एक प्रश्न घेऊन दाखवते: हे बोलतंय कोण? १९८४ची सर्फची ललिताजी घ्या. अहमदाबादच्या करसनभाई पटेलांची निरमा तेव्हा सर्फपेक्षा कितीतरी स्वस्त विकली जात होती आणि घराघरात पोचली होती. किंमत कमी करणं हा सर्फच्या जाहिराती करणाऱ्या लिंटास या एजन्सीच्या हातातला उपाय नव्हता. लिंटासच्या अलेक पदमसींनी काय केलं, तर भाजीवाल्याशी घासाघीस करणारी एक बाई उभी केली आणि महाग वस्तू घेण्याचं कारण तिच्या तोंडून वदवलं. ललिताजी झालेल्या कविता चौधरींचा तो आवाज कंपनीचा वाटतच नाही. शेजारची वहिनी हिशेब सांगतेय असं वाटतं. मुलांना मी विचारते, की हीच गोष्ट कंपनीने स्वतः सांगितली असती तर तुमच्या आईने ऐकून घेतली असती का?

किर्लोस्करवाडीचंही सांगते. लोखंडी नांगर विकणाऱ्या कारखान्याने १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे मासिक काढलं. नांगर घेणाऱ्या माणसाशी घरच्यासारखं बोलायला हवं, हे शंकरराव किर्लोस्करांना त्या काळात कळलं होतं. त्याच्याही आधी, १९०५ साली, गिरगावात बी. दत्ताराम आणि कंपनी ही जाहिरात एजन्सी सुरू झाली होती. जाहिरात म्हणजे इंग्रजीतून उतरलेली गोष्ट, असं माझ्या मुलांना वाटत असतं. गिरगावचं नाव ऐकलं की ती जरा ताठ बसतात.

आता अडचणी. पेपर ७५ गुणांचा, अंतर्गत २५. माझा हा सगळा महिना त्या २५ मध्ये कसाबसा मावतो. ७५ साठी व्याख्या लागतात, त्या मी शेवटच्या तीन आठवड्यांत उरकते आणि ते मला बरं वाटत नाही. दुसरी अडचण नवी आहे. गेल्या दोन वर्षांत मुलं चॅटजीपीटीवरून ओळी आणतात आणि पुन्हा तेच, "अनुभवा ताजेपणा". पंचावन्न वह्यांची ती शनिवारची रात्र परत आली आहे.

इथे जाहिरातीत काम करणारे, शिकवणारे, शिकलेले बरेच जण आहेत हे मला माहीत आहे. माझं कुठे चुकतंय, काय राहून जातंय, मोकळेपणाने सांगा. जूनमध्ये नवीन वर्ग येतोय.

---

लोकलडबा

सुंदर धागा. "मोजून" वाचून माझी आई आठवली. तीही तेलाची पिशवीच आणायची, कॅन कधी नाही. वाचनखूण साठवली.

---

डबिंगरूम

वहीपेन, तुमच्याच गावचा आहे मी. अठरा वर्षं मराठी आणि गुजराती कॉपी. तुमची दुकानाची पद्धत मनापासून आवडली, पण एका बाबतीत तुमच्याशी असहमत आहे. "अनुभवा" लिहिणाऱ्याला तुम्ही दोषी धरता. तो का लिहितो, ते मी रोज पाहतो.

जाहिरातीची फिल्म हिंदीत किंवा इंग्रजीत लिहिली जाते, चित्रित होते, मंजूर होते. मग संध्याकाळी सहाला फोन येतो: "मराठी रात्रीपर्यंत हवं." तीस सेकंदांत साठ-सत्तर शब्द बसतात, आणि पडद्यावरच्या माणसाचे ओठ कधी मिटतात ते आधीच ठरलेलं असतं. जिथे त्याने "प" किंवा "म" म्हणताना ओठ मिटलेत, तिथे मराठीतही "प, ब, म" असलेला शब्द लागतो, नाहीतर आवाज एकीकडे आणि तोंड दुसरीकडे. "बस एक बार" असेल तर "फक्त एकदा" चालत नाही, शेवटचा "बार" पडद्यावर ओठ मिटून सुरू होतो आणि "एकदा"त ओठ कुठे मिटतच नाहीत. "बस, एक वेळ बघा" केलं तर निभतं. अर्धा तास मी आरशासमोर उभा राहून अशी वाक्यं म्हणून बघतो.

म्हणून विनंती, की भाषांतर हा दोष म्हणून शिकवू नका, कसब म्हणून शिकवा. तुमच्या पंचावन्नपैकी मराठी कॉपीत जे कुणी येतील, त्यांच्या वाट्याला पहिली पाच वर्षं हेच काम येणार आहे. त्यांना एखादी हिंदी फिल्म आवाज बंद करून दाखवा आणि ओठ मोजायला लावा. आणि रेडिओ शिकवा. विविध भारतीवर १९६७ साली जाहिराती सुरू झाल्या त्या मुंबई, पुणे आणि नागपूरवरून. तिथे ओठ नाहीत, चित्र नाही, वाक्याला लपायला जागाच नाही. मराठी कान तयार करायला त्याच्यासारखी शाळा नाही.

---

वहीपेन

डबिंगरूम, मान्य. मी स्वतः बारा वर्षं हेच केलं आणि त्याचा राग मुलांच्या वह्यांवर काढत होते बहुतेक. ओठ मोजण्याचं काम यंदा वर्गात घेणारच. एक दिवस येऊन दाखवाल का? व्याख्यान नको, एक फिल्म आणि एक आरसा.

---

सडेतोड

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ज्याला सुचतं त्याला सुचतं, बाकीच्यांना कितीही दुकानं दाखवली तरी काही होत नाही. मी एजन्सीत क्लाएंट सर्व्हिसिंगला होतो. आमच्याकडचे दोन उत्तम रायटर बारावी झालेले होते. चार ओळी लिहायला तीन वर्षांची पदवी कशाला?

---

वेलांटी

सडेतोड, "सुचतं" हे खरं, पण कुठून सुचतं? कवी अरुण कोलटकर जाहिरातीत व्हिज्युअलायझर (जाहिरातीचं दृश्य आखणारे) आणि आर्ट डायरेक्टर होते. कॅगचा, म्हणजे कम्युनिकेशन आर्ट्स गिल्ड या जाहिरातवाल्यांच्या संस्थेचा, पुरस्कार त्यांना सहा वेळा मिळाला. आणि तोच माणूस काळा घोड्याच्या वेसाइड इनमध्ये बसून तासन् तास रस्त्यावरची माणसं बघायचा. बघण्याची सवय लावता येते. लिहिणं नंतर.

मी जेजे उपयोजित कलेची. वहीपेनताई, तुमच्या पूर्ण पोस्टमध्ये चित्र कुठे आलंच नाही, तेवढं मला खटकलं. न्यूयॉर्कमध्ये जाहिरातकार बिल बर्नबाकने कॉपीरायटर आणि आर्ट डायरेक्टरला एका खोलीत बसवलं, त्याआधी शब्द एका मजल्यावर तयार होऊन दुसऱ्या मजल्यावर चित्राला जोडले जायचे. आपल्याकडे शिक्षणात अजून तसंच आहे. तुमची मुलं शब्द लिहितात, आमची मुलं चित्र काढतात, आणि दोघांची पहिली भेट नोकरीत होते. ओनिडा टीव्हीचा शिंगं आणि शेपटीवाला सैतान घ्या, गोपी कुकडे यांचा. ती शेजाऱ्याची असूया चित्राशिवाय सांगून बघा, सांगता येत नाही.

आणि अक्षराचं काय? मराठी मथळा बहुतेक वेळा इंग्रजी मांडणीत कोंबलेला असतो. इंग्रजीत दोन ओळींमध्ये जेवढी जागा चालते तेवढीच मराठीला देतात, मग वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. परवा एका बसथांब्यावर "कुटुंबासाठी" असा शब्द पाहिला, "टुं"चा उकार अर्धा कापलेला. एवढा पैसा खर्चून लावलेला फलक, आणि कुणी तो शब्द नीट पाहिलाच नाही. र. कृ. जोशींनी उल्का या जाहिरात एजन्सीत काम करता करता अक्षरावर आयुष्य काढलं, पुढे मुंबई आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवलं. संगणकावर वर्षानुवर्षं आपण ज्यात मराठी वाचत आलो तो 'मंगल' टंक त्यांचा. मुलांना निदान एक मथळा हाताने, बोरूने किंवा ब्रशने, मोठ्या कागदावर लिहायला लावा. जड शब्द हाताने लिहायला लागला की मुलं आपोआप सोपा शब्द शोधतात. हे मी माझ्या वर्गात पाहिलंय. "अनुभूती" लिहून बघा एकदा ब्रशने.

---

ठाण्याची_आई

माझी मुलगी याच अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि पुढे जाहिरात घेणार म्हणते. मॅडम, तुमचा धागा दोनदा वाचला. तुम्ही फार तळमळीने शिकवता हे दिसतंय. पण आईच्या बाजूने विचारते. वाण्याच्या दुकानात उभं राहून पुढे नोकरी लागते का? तिच्या वर्गातली मुलं बाहेर वेगळे पैसे भरून डिजिटल मार्केटिंगचे कोर्स करतायत. आम्ही दोघं नोकरी करतो, पण अजून एक फी म्हटली की विचार करावा लागतो. तुम्ही महिनाभर जाहिरात लिहू देत नाही, आणि मुलाखतीला गेल्यावर तर लगेच नमुने मागतात म्हणे.

---

तीनसेकंद

मी मॅडमची विद्यार्थिनी, चार वर्षांपूर्वीची बॅच. मॅडमना मी कोण ते लगेच कळेल, म्हणून बाकी काही सांगत नाही.

ठाण्याची_आई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे अर्धं "हो" आणि अर्धं "नाही" असं आहे.

आधी "नाही". पहिल्या मुलाखतीला मी वाण्याच्या दुकानाची वही घेऊन गेले होते. समोरच्या बाईंनी ती उघडलीसुद्धा नाही. "इंग्लिश पोर्टफोलिओ आहे का?" एवढंच. माझ्याकडे इंग्रजीत तीन नमुने होते, तेही कच्चे. मी ट्रेनमध्ये रडत घरी आले. पुढच्या चार महिन्यांत मी घरी बसून दहा जाहिरात-मोहिमा मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत तयार केल्या, तेव्हा कुठे काम मिळालं. मॅडम, हे मी तुम्हाला कधी बोलले नव्हते. वहीचं काम पूर्ण झाल्यावर त्याच वहीतून दोन्ही भाषांतला पोर्टफोलिओ वर्गातच करून घ्या. आमच्यासारख्या मराठी माध्यमाच्या मुलांना ते घरी जमत नाही, घरी विचारायला कुणी नसतं.

आता "हो". मी आता रील्स आणि छोट्या जाहिराती लिहिते. पहिल्या तीन सेकंदांत बोट थांबलं नाही तर माणूस गेला. एकाच जाहिरातीच्या पाच-सहा सुरुवाती लावून बघतो, जिच्यावर लोक थांबतात ती ठेवतो. आणि थांबतात ती कुठली? माणसासारखी बोललेली. एका घरगुती मसाल्यासाठी मी "आता मिळवा अस्सल चव" लिहिलं होतं, कारण क्लाएंटला तसंच हवं होतं, आणि सोबत गुपचूप एक "आमच्याकडे आज नवऱ्याने केलीय" हेही जोडलं. दुसरी चालली, पहिली कुणी पाहिली नाही. ते दुसरं वाक्य माझं नव्हतंच. ते मी डोंबिवलीच्या दुकानात ऐकलेलं, तिसऱ्या वर्षाच्या त्या वहीत आहे. एका काकूंनी मिसळीचा मसाला मागताना म्हटलं होतं.

डिजिटलचे बाहेरचे कोर्स बटणं कुठली दाबायची ते शिकवतात. बटणं मी नोकरीच्या पहिल्या दोन महिन्यांत शिकले.

---

ठाण्याची_आई

धन्यवाद गं. मुलीला तुझा प्रतिसाद वाचायला दिला. ती आत्ता खालच्या दुकानात गेलीय, वही घेऊन.

---

ग्राहकमित्र

मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारदारांच्या बाजूने काम करतो. चर्चा उत्तम चाललीय, पण सगळी "कसं लिहावं" यावर. "काय लिहू नये" हेही त्याच पहिल्या महिन्यात यायला हवं, असं माझं ठाम मत आहे. आणि त्याला कारण माझ्या घरातलं आहे.

माझ्या वडिलांना मधुमेह होता. वर्तमानपत्रात अर्ध्या पानाची जाहिरात आली. एका काढ्याने "साखर मुळापासून जाते, गोळ्या सुटतात" असा दावा. भाषा अगदी घरगुती, वहीपेनताई, तुमच्या वर्गात पहिला नंबर आला असता अशी. गावाकडच्या एका आजोबांच्या तोंडचं बोलणं. वडिलांना ते आजोबा आपलेच वाटले. त्यांनी गोळ्या बंद केल्या आणि आम्हाला सांगितलं नाही. अडीच महिन्यांनी पायाची जखम भरेना म्हणून दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं. दोन बोटं गेली. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, प्रकरण चालू आहे.

मधुमेह बरा करण्याची जाहिरात करायला या देशात १९५४च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यापासून बंदी आहे. त्या कायद्याच्या परिशिष्टात रोगांची यादीच आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत दंड करता येतो. जाहिरात करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीलाही एक वर्षापर्यंत, पुढच्या वेळी तीन वर्षांपर्यंत जाहिराती करायला मनाई करता येते. जून २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांत तर असंही आहे, की दावा ज्या भाषेत केला त्याच भाषेत खुलासा द्यायचा. म्हणजे मराठीत मोठ्याने सांगायचं आणि खाली बारीक इंग्रजीत "अटी लागू" असं चालत नाही. जाहिरात उद्योगाची स्वतःवर लक्ष ठेवणारी संस्था आस्की हीही १९८५ पासून मुंबईतच आहे, तिच्याकडे साधा ग्राहकही तक्रार करू शकतो.

ती अर्ध्या पानाची ओळ कुणीतरी लिहिली असेल ना? पंचवीस-सव्वीस वर्षांचं कुणीतरी, कानाचं चांगलं. त्याला किंवा तिला हे कुणी वर्गात सांगितलं असतं का, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

---

वहीपेन

ग्राहकमित्र, तुमचा प्रतिसाद वाचून रात्री झोप लागली नाही. कायदे आणि नीती हा आमच्याकडे वेगळा पेपर आहे, वेगळ्या शिक्षकांकडे. मी तो विषय तिकडे सोडून दिला होता. आपलं म्हणून बोलणारा आवाज कसा शोधायचा ते मी शिकवत होते आणि त्या आवाजावर लोक विश्वास ठेवतात, ही त्याची दुसरी बाजू मी मुलांसमोर कधी मांडलीच नाही. ते चुकलंच.

यंदा दुकानाच्या वहीत एक रकाना वाढवणार आहे. ज्या माणसाचं बोलणं उतरवलं, त्याने आपली ओळ खरी मानली तर तो उद्या सकाळी काय करेल? कुठली गोळी बंद करेल, कुठला पैसा बाजूला काढेल? हे लिहिल्याशिवाय ओळ वाचायची नाही. तुमची हरकत नसेल तर वडिलांची गोष्ट नाव न घेता वर्गात सांगेन.

---

ग्राहकमित्र

जरूर सांगा. ते आता बरे आहेत. त्यांनाही आवडेल.

---

शिवार

मी मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात पत्रकारिता आणि जनसंज्ञापन शिकवतो. आमच्याकडे जाहिरात हा एकच पेपर, आणि मुलं मुंबईच्या अगदी उलट. त्यांच्या घरची भाषा सोन्यासारखी आहे, पण वर्गात शिरताना ती चपलेसारखी बाहेर काढून ठेवतात. "सर, ते गावठी वाटतं." मग मी त्यांना आठवडी बाजारात नेतो. कांदेवाल्याची आरोळी उतरवून काढा म्हणतो. पाच शब्दांत माल, भाव आणि घाई, तिन्ही. एका मुलाने बाजारातून एका आजीचं वाक्य आणलं होतं, मेथीच्या जुड्या विकणाऱ्या: "माझ्या हातची हाय, रातच्याला पाणी दिलंय." ताजी, स्वतः पिकवलेली, राखलेली, सगळं आलं. मी ते फळ्यावर लिहिलं तेव्हा त्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आणखी एक. शहरात तुम्ही जाहिरात म्हटलं की ओळ आणि चित्र धरता. आमच्याकडे बियाण्याची खरी जाहिरात म्हणजे शिवारफेरी. कंपनी एका शेतकऱ्याच्या रानात वाण लावते, पीक उभं राहिलं की आजूबाजूच्या गावांतून शंभर माणसं टमटमने आणते, चहा देते आणि रान दाखवते. माणसं बोंडं मोजतात, पिकाचं ताट हलवून बघतात, मालकाला बाजूला घेऊन विचारतात, "खत किती टाकलं, खरं सांग." शब्द लिहिणाऱ्याने एकदा तरी त्या फेरीत चालावं. वाक्यावर कुणी विश्वास ठेवत नाही तेव्हा माणसं काय तपासतात, ते तिथे समजतं. पावसाळ्यानंतर तुमची मुलं पाठवा, राहायची सोय आमच्या वसतिगृहात करतो.

---

वेलांटी

शिवार सर, आमचीही मुलं पाठवू का? वहीपेनताईंची आणि आमची जोडीने. एक लिहिणारा, एक चित्र काढणारा.

---

शिवार

या की. पण ऑक्टोबरात या, कापूस फुटलेला असतो.

---

किराणाभुसार

उशिरा वाचतोय, दुकान बंद केल्यावर. कल्याणला वडिलांच्या वेळेपासून आमचं दुकान आहे. कॉलेजची मुलं वही घेऊन येतात ती माझ्याकडेही आली आहेत, कुणाची ते माहीत नाही. मॅडम, दोन-तीन गोष्टी आपुलकीने सांगतो.

एक, येण्याआधी विचारा. एक मुलगा न सांगता गल्ल्याशेजारी उभा राहून लिहीत होता, तर दोन गिऱ्हाइकं घाबरून गेली. त्यांना वाटलं, कुठल्या ऑफिसातून तपासायला आलाय. उधारी मागणारं गिऱ्हाईक तर अनोळखी माणूस दिसला की तसंच मागे फिरतं. तुमच्या वहीत तो येतच नाही, आणि महिनाअखेरीला माझं निम्मं दुकान त्यांच्यावर चालतं. तो काय बोलतो ते ऐकायचं तर मुलाने आत येऊन पुड्या बांधायला मदत करावी, मग कुणाला परकं वाटत नाही.

दुसरं म्हणजे, मागणं बदललंय. म्हातारी माणसं अजून "ते पिवळं" म्हणतात, पण तिशीतली बाई व्हॉट्सॲपवर यादी टाकते, आणि त्यात ब्रँडचं नाव अचूक असतं, ग्रॅमसकट. मुलांनी ती यादीही बघावी. कागदाच्या जुन्या चिठ्ठ्याही मी ठेवल्या आहेत, वडिलांच्या वेळच्या. हव्या तर देतो.

तिसरं, शाम्पूच्या पुड्यांची माळ. माळ कुठे टांगायची यावरून कंपन्यांचे सेल्समन माझ्याशी हुज्जत घालतात, कारण डोळ्यासमोर जी लटकते तीच मागितली जाते. सुट्टे पैसे नसले की लोक हात वर करून तीच तोडतात. तुमची ओळ कितीही चांगली असली तरी माळ मागच्या खिळ्याला असेल तर माझ्या दुकानात तिचा उपयोग नाही. मुलांनी हेही लिहून न्यावं.

---

वहीपेन

किराणाभुसार, इतकी वर्षं मुलांना दुकानात पाठवते आणि दुकानदाराला कधी विचारलं नाही. उधारीचं गिऱ्हाईक आमच्या एकाही वहीत नाही, हे तुम्ही सांगेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

सगळ्यांचं एकत्र करून जूनचा आराखडा बदलते आहे. पहिल्या महिन्यात जाहिरात लिहायची नाही, ते तसंच राहील. दुकानात विचारून जायचं आणि काम करायचं. वहीत तो नवा रकाना. दुसऱ्या महिन्यात डबिंगरूम यांचा आरसा आणि वेलांटीचा ब्रश. मग तीनसेकंद म्हणाली तसा दोन्ही भाषांतला पोर्टफोलिओ वर्गातच, घरी नाही. (तीनसेकंद, ओळखलं तुला. ट्रेनमधलं तेव्हाच सांगायचं होतंस गं.) चॅटजीपीटीचं मी असं ठरवलंय, की मनाई करायची नाही. त्याची ओळ आणि वहीतली ओळ दोन्ही आईला फोनवर वाचायच्या, आणि आई काय म्हणाली ते लिहून आणायचं. ७५ गुणांच्या पेपरचं मात्र अजून उत्तर सापडलेलं नाही. विभागात बोलून बघते.

किराणाभुसार, तुमच्याकडे चार मुलं पाठवली तर चालतील का? शनिवार संध्याकाळ गर्दीची, ते समजलं. कुठला वार सांगाल?

---

किराणाभुसार

चालतील. महिन्याच्या पाच तारखेनंतर पाठवा, तेव्हा उधारी फेडायला माणसं येतात आणि मोकळं बोलतात. मंगळवारी चार ते सात. चौघांना एकदम नको, दोन-दोन. आणि पहिल्या दिवशी वही नको, नुसती पुड्या बांधू देत.